तिसरा बुश

नवतप्याचा चौथा दिवस. वाडीत शटर अर्धं ओढून
मी लेथवर पितळ सोलत होते,
तेवढ्यात खोब्रागडे काकांची फार्गो आली
पहिल्याच गिअरमध्ये, अमरावती रोडभर रडत.
"रंजू, बुश गेला ना पुन्हा. एक करून दे."

एक म्हणजे तिसरा.
पहिला नायलॉनचा केला होता.
दुसरा पितळेचा, ग्रीसला खाच ठेवून,
इतका नेमका, की बसताना आतली हवा फुस्स करून निघाली.

गाडी छप्पन सालची, कन्हानच्या खाणीतून लिलावात सुटलेली.
काकांच्या वडिलांनी पोटात मेटाडोरचं डिझेल बसवलं,
गिअरबॉक्स चार बोटं मागे सरकला,
म्हणून गिअरच्या दोन्ही सळया कापून, लांबवून, पुन्हा जोडल्या.
वेल्डिंगच्या गाठी अजून आहेत.
बोट फिरवलं की कळतं, हात कुठे थरथरला होता.

स्टेअरिंगच्या दांड्याला डावीकडे गिअर.
स्वतःकडे ओढून खाली, पहिला.
मध्यावर आणून, पलीकडे ढकलून, वर, दुसरा.
भानगड त्या पलीकडे जाण्यात.
दांड्याच्या पायथ्याशी दोन कान, एकावर एक,
दोघांच्या खाचा समोरासमोर आल्या
तरच जीभ याच्यातून त्याच्यात सरकते.
केसभर फरक पडला,
की पहिला सोडत नाही आणि दुसरा घेत नाही.

"पहले न्यूट्रल ढूंढ," यासीन मिस्त्री नेहमी म्हणतात.
आम्ही शोधला. दोन्ही कानांतून सहा एमएमचा ड्रिल आरपार घातला,
नट आटा-आटा फिरवून सळया जुळवल्या.
उभ्या गाडीत गिअर पडला, पुरणात बोट जावं तसा.
काका खुशीत गेले.
तासाभरात फोन. सेमिनरी हिल्सचा चढ, मागे हॉर्न,
बॉनेट उघडून हाताने कान सरळ केले,
मनगटाला चटका.

"चढालाच काऊन अडते, काका?"
"आता तिलेच विचार."

मग तिलाच विचारलं.
चाकांना विटा लावल्या. म्हटलं, चालू करा,
ब्रेक दाबून ठेवा, पहिला टाका, क्लच जरासा सोडा. जरासाच.
आणि टॉर्च घेऊन वाकले.

इंजिन उठलं.
झोपेत माणूस कूस बदलतो तसं, एका अंगाने दोन बोटं,
आणि उठताना गिअरबॉक्स, सळई, सगळं घेऊन उठलं.
माझ्या बुशला काहीच झालं नव्हतं.
खाली, रबरी माउंटिंगच्या जागी
खाणीतल्या कोळशाच्या पट्ट्याचा तुकडा,
तेल पिऊन फुगलेला, थर सुटलेले,
भिजल्या वहीसारखा.

काका खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच.
"बाबांनी लावला होता. तात्पुरता.
मुंबईहून माउंटिंग येईस्तोवर."
कधी?
"मी दहावीत होतो."
मागच्या वर्षी काका वीज मंडळातून रिटायर झाले.

इतवारीतून ट्रॅक्टरचं माउंटिंग आणलं,
प्लेट कापली, भोकं दोनदा पाडावी लागली.
तो तुकडा काकांनी पेपरात गुंडाळून सीटखाली ठेवला,
मग डॅशबोर्डवर,
मग पुन्हा सीटखाली.

ऊन उतरल्यावर चढाला गेलो. मी शेजारी.
पहिला. मध्यावर आणला,
आणि काकांचा हात तिथेच थांबला, सवयीने,
अडकायची वाट पाहत.
"ढकला ना."
ढकलला. गेला.
वळण येईपर्यंत ते काहीच बोलले नाहीत,
मग म्हणाले, "आवाज बदलला गाडीचा."
नव्हता बदलला. मी हो म्हटलं.

दुकानात आले तर लेथच्या जबड्यात
तिसऱ्याचं पितळ तसंच, अर्धं सोललेलं, भोक न पडलेलं.
काढून ट्रेमध्ये टाकलं.
नारनवऱ्यांच्या पंपाला लागेल परवा.